सावळ्याचा पगार

९ जानेवारी १९५६

आज इंदापुरात पेन्शन मिळाली नाही. कमी मिळाली असे नाही, मिळालीच नाही. खिडकीतल्या कारकुनाने आईचे, दगडाबाईच्या नावाचे पेन्शनचे पुस्तक उघडले, आतली लाल पेन्सिलीची खूण पाहिली आणि पुस्तक परत सरकवले. म्हणाला, चौकशीत उत्पन्न जास्त आढळले, बंद. मी विचारले, कोणाचे उत्पन्न? म्हणाला, घराचे. मी विचारले, चौकशी कोणी केली, केव्हा केली? तो म्हणाला, पुढचा या.

मी कामाला आहे त्या साखर कारखान्याच्या हेडक्लार्कनी दिलेली ही डायरी मी कोरीच ठेवणार होतो. पण हे प्रकरण पुढे कुठे पुरावा म्हणून दाखवावे लागले तर सर्व क्रमाने लिहिलेले असावे. म्हणून आजपासून लिहितो.

माझा थोरला भाऊ सावळाराम पलटणीत होता. तो ब्रह्मदेशाच्या लढाईत कामी आला तेव्हा मी दुसरीत होतो. त्याचे लग्न झाले नव्हते आणि वडील त्याच्याही आधी वारले. म्हणून सरकार आईला दर तीन महिन्यांनी पेन्शन देते. देत होते. आई तिला पेन्शन म्हणत नाही, सावळ्याचा पगार म्हणते. इंदापूरला जायचे म्हणजे ती ठेवणीतले हिरवे लुगडे नेसते. आजही नेसली होती.

कारकून पुढचा या म्हणाला तरी ती खिडकीशीच उभी. तिने गजातून आत पाहून विचारले, "म्हंजी सावळ्याला कामावरनं काढलं का?"

कारकून हसला. मागच्या रांगेतही दोघेतिघे हसले. मला त्या सगळ्यांचा राग आला. आईचाही आला. मेलेल्या माणसाला कामावरून काढत नाहीत हे तिला आता कळायला हवे.



११ जानेवारी

उलगडा झाला. झाला नसता तर बरे, असा झाला.

मी दोन दिवस आईला एकच विचारत होतो, आपल्या घरी कोणी सरकारी माणूस आला होता का. ती ठामपणे नाही म्हणत होती. आज जेवताना मी वेगळे विचारले, दिवाळीनंतर कोणीही परका माणूस आला होता का. तर म्हणाली, व्हय, सुप्याचा पाव्हणा आला व्हता की, छत्रीवाला.

सुप्याच्या एका घरची मुलगी माझ्यासाठी सांगून आली आहे. माझी थोरली बहीण कौसल्या बारामतीला दिली आहे, तिच्या ओळखीतून. तुळशीचे लग्न झाल्यावर अक्काने निरोप धाडला होता की सुप्याची माणसे घर बघायला येतील, पण सांगून येणार नाहीत. आमच्याकडे तशीच रीत आहे. मुलीकडचा कोणीतरी वाट चुकल्यासारखा येतो, पाणी मागतो, जमीन किती, जनावर किती, पोरगा काय मिळवतो हे गप्पांत काढून घेतो आणि जातो. सगळ्यांना सगळे ठाऊक असते आणि कोणी तसे दाखवत नाही.

त्याच आठवड्यात हा छत्रीवाला आला. मी कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होतो. त्याने पाणी मागितले. मग जमीन किती, जनावर किती, पोरगा काय मिळवतो हे विचारले. आईने त्याला गुळाचा चहा केला, वर पोहे केले. शेजारच्या ठमाबाईचा बांधालगतचा ऊस आमचा म्हणून दाखवला. ठमाबाईची म्हैस आमच्या दारात बांधलेली होती, कारण त्यांच्या गोठ्याचे छप्पर उतरवले होते. तीही आमचीच झाली. माझा पगार तिने दुपटीपेक्षा जास्त सांगितला, आणि बारमाही सांगितला. मी हंगामी आहे. गाळप संपले की मला घरी बसवतात.

मी विचारले, तो हे सर्व कागदावर लिहून घेत होता का?

आई म्हणाली, "व्हय. मला वाटलं लिहून घेतोय म्हंजी पसंत हाय."

मी ताटावरून उठलो. सोयरा कधी पेन्सिल घेऊन येतो का? त्याने शेवटी नावगाव विचारून घेतले, सावळारामचा पलटणीतला नंबर विचारला. तेव्हाही तिला कळले नाही. म्हणे, चांगलं घरानं, गेलेल्याची सुदिक चौकशी करत्यात.

१५ जानेवारी

संक्रांतीला अक्का आली आहे. सुप्याची माणसे अजून आलीच नाहीत, असे तिच्याकडून पक्के कळले. म्हणजे तो नक्की पेन्शनचाच माणूस.

तिळगूळ खाताना अक्का हसत होती. छत्रीवाल्याला आपण काय काय सांगितले ते आईने तिला बाजारात गाठून ऐकवले होते, त्याची नक्कल करत होती. माझा झुंबर साहेबाच्या शेजारी खुर्चीवर बसतो, त्याच्या सहीशिवाय ऊस आत जात नाही, त्याचं अक्षर बघून गोरा साहेब चकित झाला, त्यानं चोवीस गावात कुनाशी वाकडा शब्द काढला न्हाय.

मी अक्काला तिथल्या तिथे दुरुस्त केले. मी साहेबाच्या शेजारी बसत नाही, काट्याच्या शेजारी उभा राहतो. पावतीवर सही माझी नसते, मी फक्त वजन मांडतो. कारखान्यात आता गोरा साहेब नाही. चोवीस गावांचे म्हणायचे तर गाडीवानांशी माझी रोज भांडणे होतात.

अक्का म्हणाली, "आरं, येवढं बोलली ती तुज्याबद्दल. जन्मात कधी बोलली व्हती का?"

मी म्हणालो, बोलली नसती तर पेन्शन चालू राहिली असती.

२४ जानेवारी

पुन्हा रजा. पुन्हा इंदापूर. या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेले होते, म्हणजे 'पुढचा या' म्हटले तरी माझे विसरायला नको. कचेरीत जो तो मुंबईच्या गोळीबाराबद्दल बोलत होता. माझ्या कामाचे कोणी बोलेना. शेवटी कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने बसवून घेतले. त्याने नीट सांगितले हे मान्य केले पाहिजे. त्यामुळे राग कमी झाला नाही, नेमका झाला.

आईची पेन्शन ही सावळारामच्या कामाची किंमत नाही. मी आजपर्यंत तशी समजत होतो. ज्या आईबापांना दुसरा आधार नाही त्यांच्यासाठी ती आहे. आधार जसजसा वाढेल तसतशी ती उतरते आणि एका हद्दीपुढे बंद होते. आधार म्हणजे जमिनीचे, जनावराचे आणि एका चुलीवर जेवणाऱ्या प्रत्येकाच्या कमाईचे मिळून. एक चूल ते एक कुटुंब.

मी म्हणालो, म्हैस आमची नाही. ऊस आमचा नाही. पगार हंगामी आहे, तुम्ही बारा महिन्यांचा धरला. तो म्हणाला, दाखले जोडून अर्ज कर, तेवढे दुरुस्त होईल. मग त्याने माझा खरा पगार विचारला, कागदाच्या कडेला आकडेमोड केली आणि चष्मा काढला. सर्व दुरुस्त होऊनही पेन्शन निम्म्याच्या खाली येते. आणि मी कायम झालो तर राहतच नाही.

म्हणजे वाण्याच्या तागडीसारखे झाले. एका पारड्यात मी चढलो की दुसऱ्यातून ती उतरणार. मी सहावीत शाळा सोडली, उसाच्या मोळ्या वाहिल्या, मग अक्षरामुळे काट्यावर घेतले. प्रत्येक पायरीला मला वाटले की आईचे ओझे मी हलके करतो. ते मी तिचेच तिच्या पारड्यातून काढून माझ्या पारड्यात घालत होतो. हे मला कोणी आधी का सांगितले नाही? पुस्तकावर छापता आले असते. गेल्या सहा महिन्यांत बदल झाला तर कळवावे एवढे छापले आहे, कशाचा बदल ते छापलेले नाही.

निघताना म्हातारा म्हणाला, चूल वेगळी असेल तर तुझा पगार धरत नाहीत. पण खरोखर वेगळी पाहिजे बरे, दाखवण्यापुरती नको. तपासायला माणूस येतो.

२७ जानेवारी

काल रात्री आईला सर्व समजावले. तागडीसुद्धा दोरीला दोन सुपल्या बांधून दाखवली. तिला कळले. मला वाटले होते त्यापेक्षा लवकर कळले.

मग म्हणाली, "मग तू सोड की काम."

मला आधी वाटले ती थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. तिचे म्हणणे, घरची कोरडवाहू दोन एकर आहे, सावळ्याचा पगार आहे, आजवर भागलेच की.

मी कधी आवाज चढवत नाही. काल चढवला. मेलेल्याचा पगार चालू राहावा म्हणून जिवंताने घरी बसायचे का, असे विचारले. तो पलटणीत दोन वर्षे होता आणि मी तुझ्याजवळ वीस वर्षे आहे, असेही म्हणालो. हे शेवटचे बोलायला नको होते, पण ते खरे आहे आणि खोटे लिहायचे नाही असे मी ठरवले आहे.

ती म्हणाली, "त्याचं दुसरं काय हाय माज्यापाशी? तुजं तू हाईस."

 मला याचा अर्थ लागला नाही. मी बाहेर जाऊन झोपलो. थंडी फार होती.

३ फेब्रुवारी

चूल वेगळी झाली. पोलीस पाटील तात्याबा आणि आणखी दोन पंच यांच्यासमोर झाली. कागदावर अंगणातली खोली माझी, आतले घर तिचे. भांडी वाटली. मला तवा, एक पातेले, तांब्या आणि जेवायला एक पितळी. आईने मोठी परात मला देऊ केली, मी नको म्हणालो. परात माझ्याकडे दिसली तर तिला परात नाही असे होईल आणि ती भाकरी कशात मळते असा प्रश्न निघेल.

तात्याबा म्हणाले की दाखवायचे तर दाखवा, जेवा एकत्र. मी ऐकले नाही. खोटे सांगितले आणि सापडलो तर फौजदारी होते. म्हणून मी मीठसुद्धा वेगळे आणले. कारण कोणाला सांगायचे नाही एवढे मात्र ठरले. कारण सांगत फिरले की ते दाखवण्यापुरते ठरते. पंचांचा कागद आणि दाखले जोडून इंदापूरला अर्ज दिला.

माझी चूल आईनेच घातली. मी विटा लावून घेणार होतो, तिने लावू दिल्या नाहीत. ओढ्याची माती आणली, भुसा कालवला, वाऱ्याची दिशा बघून तोंड फिरवले, वाळल्यावर दोनदा पोतेरे केले. एवढ्या कामाला तिने दोन दिवस लावले. मी म्हणालो, हे तात्पुरते आहे. तरी तिने बाजूला दुसरे भांडे ठेवायला वैलाची जागाही केली.

११ फेब्रुवारी

भाकरी आजही करपली.

काट्यावर गाडीवान आता मला 'वेगळा' म्हणून हाक मारतात. एक म्हणाला, लोक बायको आली की आईपास्नं वेगळं निघत्यात, ह्यानं बायकोची वाट सुदिक बघितली न्हाय. सगळे हसले. मी त्याच्या गाडीचे वजन दोनदा केले. ते बरोबरच होते.

१७ फेब्रुवारी

ठमाबाई आणि आईचे विहिरीवर भांडण झाले. ठमाबाई सगळ्या बायकांत म्हणाली की पोटाला चिमटा काढून शिकवलं आन् पोरगं पगाराला लागताच दगडाबाईला टाकून निघालं. आईने तिची कळशी उलथली. मला हे दुसऱ्यांकडून कळले. मी आईला सांगितले की असे करू नको. लोकांना मी वाईट वाटतो हे अर्जाच्या दृष्टीने चांगलेच आहे. चौकशीत शेजाऱ्यांना विचारतात. ठमाबाई आपली उत्तम साक्षीदार आहे.

आईने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "तुला काय वाटत न्हाय?"

मी म्हणालो, राग येतो. पण तो सरकारचा येतो.

२६ फेब्रुवारी

आज सुप्याची माणसे खरेच आली. मुलीचा बाप मोहनराव स्वतः होता, बरोबर एक चुलता. वाट चुकल्यासारखे आले. रविवार असल्याने मी घरी होतो, आणि नेमका चुलीपुढे बसून फुंकत होतो.

मोहनरावांनी माझ्याकडे पाहिले, मग आतल्या घरातून निघणाऱ्या धुराकडे पाहिले. विचारले, आई आजारी हाय का? मी म्हणालो नाही. मग ह्या दोन चुली? मी म्हणालो, आम्ही वेगळे राहतो. याहून दुसरे काय सांगणार? पंचांसमोर तसे लिहून दिले आहे.

त्यांनी पाणी मागितलेच नाही. आई दारात आली, काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि माझ्याकडे बघून मिटले. मोहनराव जाता जाता चुलत्याला म्हणाले ते मला ऐकू यावे असेच म्हणाले. जो एकट्या आईला सांभाळंना तो आपल्या लेकीला काय सांभाळंल.

जे खोटे होते ते आईने सरकारला सांगितले आणि पेन्शन गेली. जे खरे होते ते मी सोयऱ्याला सांगितले आणि सोयरीक गेली. दिवसभर माझे डोके फुटायची पाळी आली होती. कोणाला काही फेकून मारावे असे वाटले. फेकायला पितळी एकच आहे.

१० मार्च

हेडक्लार्कनी बोलावून विचारले, कायम होतोस का? हंगाम संपल्यावरही काम, पगारही वाढेल. मी विचार करून सांगतो म्हणालो. ते म्हणाले, यात विचार करणारा तू पहिलाच.

चौकशी होईपर्यंत हो म्हणता येत नाही. आईला सांगितले नाही.

२० मार्च

हे नीट लिहितो. क्रम चुकू नये म्हणून दोनदा मनात आठवून घेतले आहे.

चौकशीचे साहेब दुपारी आले. तेच ते, छत्रीवाले. बरोबर तात्याबा होते. आई खाली मान घालून उंबऱ्याशी बसली, मी माझ्या खोलीच्या दारात उभा राहिलो. ठमाबाई बांधावर होती. साहेबांनी म्हशीबद्दल विचारले, ठमाबाईने ती तिची असल्याचे ओरडून सांगितले. उसाचेही झाले. मग त्यांनी दोन्ही चुली पाहिल्या, माझ्या चुलीतल्या राखेत हात घालून ऊब पाहिली, माझी भांडी पाहिली, मिठाची पुडी पाहिली. माझ्या मनात आले की बरे झाले, मीठ वेगळे आणले.

मग त्यांनी आईला विचारले, मुलाकडून काही मिळते? हा मुख्य प्रश्न. मी तिच्याकडून हे दहा वेळा तरी घोकून घेतले होते. तिने जमिनीकडे बघत नाही म्हटले. त्यांनी लिहिले. खाली सही केली. पेनला टोपण लावले. काम झाले होते. मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो की काम झाले होते.

साहेब माणूस वाईट नाही. तेच वाईट झाले. उठता उठता त्यांना आईची दया आली. म्हणाले, "मावशी, त्या दिवशी चहा पिताना तुम्ही ह्याचं किती कौतुक केलं होतंत. आणि ह्यानं हे केलं. असा मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा."

आईने मान वर केली. "काय म्हनालास?"

साहेब म्हणाले, मी आपला तुमच्या बाजूनं बोलतोय.

"नसलेला कसा असतो ठावं हाय का तुला?" आई उठून उभी राहिली. "माज्यापाशी हाय एक नसलेला. अकरा वर्सं हाय. त्यो घागर भरत न्हाय. ह्यो भरतो. रोज पहाटं भरून उंबऱ्यात ठिवतो आन् पायताण हातात घिऊन जातो, मला कळू नये म्हनून. लिव्ह."

मी म्हणालो, आई, गप बस. तिने माझ्याकडे बघितले नाही.

"सरपान कोण फोडतं? ठमीची म्हैस? लिव्ह सरपान. ताप आला तवा कारखान्याच्या दवाखान्यातलं औषिद तात्याबाच्या हातनं कुनी धाडलं? तात्याबा, खरं सांगा की आता. माज्या डब्यात गुळाचा खडा रातीतनं वाढतोय, त्यो का सरकार घालतंय? करपल्याली भाकर खातोय दीड म्हैना, हाताला फोड आल्यात, आन् गावाचं ऐकून घेतोय. कुनापायी? आन् तू त्याला नसलेला बरा म्हंतोस. एक न्हेलासा, त्याचा कागूद दिलासा. आता ह्याचाबी कागूद देतोस व्हय मला?"

तात्याबा म्हणाले, दगडाबाई, बसा, साहेबांच्या मनात तसं नव्हतं. ती बसली नाही. म्हणाली, "आदी लिव्ह. एक चूल हाय म्हनून लिव्ह."

साहेबांनी टोपण काढले. मी पुढे होऊन म्हणालो की घागर भरणे हे उत्पन्नात येत नाही, सरपणही येत नाही, औषध फुकट मिळते. ते मुद्देसूद होते. पण कोणी ऐकले नाही. साहेब लिहीत होते आणि लिहिताना त्यांनी एकदा नाक पुसले.

ते गेल्यावर आई माझ्या खोलीत शिरली आणि चूल टाचेने मोडली. एवढी मन लावून घातलेली चूल. तुकडेसुद्धा ओढ्यात नेऊन टाकले. ठमाबाई बांधावरून सगळे बघत होती. आईने तिला जाताना सांगितले की आता सांग विहिरीवर.

२१ मार्च

रात्रभर झोप नाही. एक शब्द. नाही एवढा एकच शब्द, आणि तो ती बोलूनही चुकली होती. त्याच्यापुढे काही बोलायचे नव्हते. चूल फुंकून डोळे गेले, सोयरीक गेली, गाडीवानांचे ऐकून घेतले, ते सगळे फुकट. जी पेन्शन मिळावी म्हणून ती मला काम सोड म्हणत होती, तीच तिने एका परक्या माणसाच्या एका वाक्यावरून घालवली. साहेब मला बोलले होते, तिला नव्हे. मला लागले नव्हते. मला लागले नाही तर हिला का लागावे?

आणि घागरीचे तिला ठाऊक होते तर इतके दिवस बोलली का नाही? मी रोज अंधारात काट्याकुट्यांतून अनवाणी चालत होतो.

आज बोललो नाही तिच्याशी. तिने आत दोन पाट मांडले. मी जेवलो, पण बोललो नाही.

४ एप्रिल

हुकूम आला. कायमची बंद. खाली लिहिले आहे की 'कुटुंब एकत्र असून मुलगा सांभाळ करतो'. मी तो कागद तीनदा वाचला आणि आईला वाचून दाखवला. तिने शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग विचारले, त्यात सावळ्याचं नाव हाय का? वर विषयात आहे, ते दाखवले. तिने त्या नावावर हात ठेवला आणि कागद घडी करून आपल्याकडे ठेवला.

मला वाटले होते ती रडेल. रडली नाही, म्हणून पुन्हा राग आला. रडली असती तर समजूत घालता आली असती.

हेडक्लार्कना सांगितले, होतो कायम.

१० एप्रिल

कायम झाल्यानंतरचा पहिला पगार. पूर्वी मी पगार कोनाड्यात ठेवत असे आणि ती लागेल तसा काढत असे. आज वाटले हातात द्यावा. तिने हात पुढे केला नाही.

म्हणाली, "अंगठा कुठं लावायचा?"

मी म्हणालो, घरात कसला अंगठा? ती म्हणाली, अकरा वर्षांत एकदाही अंगठा लावल्याशिवाय पैसे घेतले नाहीत. तिकडे तसे देतच नाहीत. अंगठा लावला म्हणजे ते आपल्या हक्काचे असते, नाहीतर कोणी पदरात टाकल्यासारखे होते.

मी म्हणालो, मुलाने आईला द्यायचे, त्यात हक्क आणि पदर काय? ती कचेरी होती. तिथे तुझी ओळख नव्हती म्हणून अंगठा घेत. मी तुला ओळखतो. हे मी फार चढ्या आवाजात बोललो. एवढे सर्व घालवून झाल्यावर हिला आता हे सुचते. ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. पैसे पाटावर पडले होते. तिन्हीसांज झाली तरी पडले होते. दारातून कोणी पाहिले असते तर काय म्हटले असते?

शेवटी मी दौत आणली. लावायला दुसरा कागद नव्हता म्हणून ही डायरी उघडली. शाई जास्त लागली, मागच्या पानावरही उतरली आहे आणि तारखेचा आकडा बुडाला आहे. मी अजून रागात आहे. पण अंगठा घेतला तर तो नियमाप्रमाणे घेतलेला असावा.

निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची, दगडाबाई.
रक्कम पोचली.
समक्ष: झुंबर, मुलगा.